बबनरावांची आंग्ल प्रातःसभा

बबनरावांचे घर रहाटणीत, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. गृहस्थ मूळचे राजगुरुनगरच्या पलीकडल्या एका वाडीतले. मिसरूड फुटण्याच्या वयात ते निघोज्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि केस पिकू लागले तेव्हा पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसच्या लाईनवर सुपरवायझर झाले. या चढणीत त्यांनी कोणाचे पाय धरले नाहीत आणि कोणाचे ओढलेही नाहीत. आजच्या उद्योगनगरीत ही दोन्ही कर्मे टाळून वर जाणारा माणूस दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच काहीसा संशयास्पद.

त्यांच्या कामाचा प्राण म्हणजे सकाळची मीटिंग. शिफ्ट सुरू होण्यापूर्वी लाईनवरची सारी माणसे फळ्यासमोर अर्धवर्तुळात उभी राहतात. काल काय बिघडले, आज काय काढायचे, कुठे जपायचे, हे सुपरवायझर सांगतो. इतरत्र हा एक उरकण्याचा विधी असतो. बबनरावांचा मात्र तो जवळजवळ नित्यनेम होता. बोलता बोलता ते प्रत्येकाच्या डोळ्यांकडे पाहत. ज्याचे डोळे जागरणाने तांबारलेले दिसतील त्याला प्रेसवर उभे न करता पॅकिंगला धाडत. "काय रे, पाळण्यात पोरगं रडत व्हतं का मोबाईल?" असे विचारून त्याला हसवतही. त्यांच्या लाईनवर कोणाचे बोट गेलेले नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान होता आणि तोही ते क्वचितच बोलून दाखवत.

अशा या सुरळीत व्यवस्थेत सुधारणा करण्याचे मनुष्यबळ विभागाच्या मनात आले. 'मनुष्यबळ' हा शब्दच विचार करण्यासारखा आहे. माणसाकडे पाहून ज्याला केवळ त्याचे बळ दिसते, त्याने योजलेला तो शब्द. या विभागाचे प्रमुख दिग्विजय नावाचे एक तरुण, इस्त्रीबद्ध गृहस्थ होते. कंपनीत परकीय भागीदार आले होते, त्यांचे पाहुणे अधूनमधून लाईन पाहायला येणार होते, आणि आपली माणसे फळ्यासमोर मराठीत बोलताना दिसणे दिग्विजयरावांना लाजिरवाणे वाटत होते. म्हणून आज्ञा निघाली की, दिवाळीपासून प्रत्येक सुपरवायझरने सकाळची मीटिंग इंग्रजीत घ्यावी. ज्याला हे साधणार नाही, त्याचे सुपरवायझरपण जाईल आणि त्याची रवानगी स्टोअरमध्ये होईल.

ज्यांनी ती मीटिंग ऐकायची, ती माणसे नांदेड, बीड, वाशीम, बिहार आणि ओडिशातून आलेली. त्यांपैकी एकालाही इंग्रजी येत नव्हते. ही बाब आज्ञेच्या आड आली नाही. वक्त्याने इंग्रजीत बोलावे एवढेच ठरले होते; श्रोत्यांना ते समजावे असे कोणीच ठरवले नव्हते.

बबनराव ही वार्ता घेऊन माझ्या, म्हणजे इमारतीतल्या एकुलत्या मास्तराच्या, घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. निवृत्तीला फार वर्षे उरली नव्हती. गावच्या जत्रेत ज्यांना 'सुपरवायझरसाहेब' म्हणून पुढच्या सतरंजीवर बसवतात, त्यांनी नटबोल्ट मोजत नोकरी संपवायची, ही कल्पना त्यांना सोसत नव्हती.

"गुरुजी," ते म्हणाले, "स्टोअर वाईट न्हाई. पर हितनं तिथं ढकललं, तर लोक म्हनत्यात, काईतरी खाल्लं असंल यानं."

त्यांच्या पत्नी इंदुताई शेजारी उभ्या होत्या. "खाल्लं असतं तर निदान घर तरी मोठं झालं असतं," त्या म्हणाल्या. "जावा क्लासला. म्हातारपणी पाटी-दप्तर आलं नशिबी."

क्लास जवळच होता. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर, रंगीत फ्लेक्सखाली, प्रीतम सर नावाचे गृहस्थ इंग्रजी संभाषण शिकवत. फ्लेक्सवर सरांचे हात बांधलेले छायाचित्र होते आणि मागे लंडनचा पूल. सरांनी लंडन पाहिलेले नाही, यात काहीच दोष नाही. कालिदासाने हिमालय पाहिला होता की नाही यावरही पंडित वाद घालतात. दोष हा की, एका समृद्ध भाषेचा अथांग सागर त्यांनी एका डबक्यात कोंबला होता आणि त्या डबक्याचे नाव होते 'फ्रेजल व्हर्ब्स'. एका साध्या क्रियापदाला 'अप', 'डाउन', 'ऑफ', 'आउट' असे इवलेसे शेपूट लावून जी नवी क्रियापदे होतात, ती पाठ केली म्हणजे इंग्रजी आली, असा त्यांचा सिद्धान्त. साधे, सरळ, एकपदी क्रियापद जो वापरेल तो 'बुकिश', आणि बुकिश माणसाने वर्गात शिक्षा म्हणून उभे राहायचे. पुस्तकी हा शब्द शिवीसारखा वापरणारी शाळा पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीला लाभेल, असे वाटले नव्हते.

बबनराव नेमाने जाऊ लागले. वर्गात त्यांच्या मुलाच्या वयाची पोरेपोरी. मागच्या बाकावर हे, डोळ्यांवर जाड चष्मा. घरी आले की सराव. आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी आपल्याच मातीतला माणूस करू जाणे: त्यांनी ती क्रियापदे पाढ्यांच्या चालीवर पाठ करायला घेतली. पहाटे खिडकीतून स्वर येई, 'पुट ऑन, घालणे; पुट ऑफ, पुढे ढकलणे; पुट अप विथ, सहन करणे'; आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच हेल, जो 'बे एके बे' ला आपण सर्वांनी लावला आहे.

"देवाचं नाव घ्यायच्या वेळंला हे चालतंय," इंदुताई जिन्यात म्हणाल्या. "काल मला म्हनले, गॅस टर्न ऑफ कर. म्हटलं, बंद कर म्हनलं तर गॅस ऐकत न्हाई का?"

"आन तू काय केलंस?" आतून बबनरावांचा आवाज आला.

"चालूच ठेवला. दूध गेलं उतू. त्याला काय म्हनत्यात तुमच्यात?"

बबनरावांनी जरा विचार केला. "बॉइल ओव्हर," ते गंभीरपणे म्हणाले.

काही दिवसांनी ते यादीसह माझ्याकडे आले. पाठ सारे झाले होते, परंतु मनाला पटत नव्हते. 'गिव्ह' म्हणजे देणे. मग 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे हार मानणे, हे कोणी ठरवले? देण्याचा आणि हरण्याचा संबंध काय? सरांना विचारले तर सर म्हणाले, लॉजिक शोधू नका, कॉन्फिडन्स आणा.

या उत्तराचा मला जो संताप आला, तो येथे आवरता घेतो. बबनरावांना इतकेच म्हणालो की, हे कोडे आपल्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी उकलून ठेवले आहे. संस्कृतात 'हृ' हा धातू, अर्थ नेणे. त्याच्या आधी 'आ' आला की आहार होतो, 'वि' आला की विहार, 'प्र' आला की प्रहार, 'सम्' आला की संहार, 'परि' आला की परिहार. मूळ धातू जागचा हलत नाही. उपसर्ग त्याला हाताला धरून भलत्याच गावी नेऊन सोडतो. इंग्रजाने हा सोबती पुढे न लावता मागे लावला, एवढाच भेद.

बबनरावांनी यादीवरून एकदा बोट फिरवले. मग म्हणाले, "म्हंजी प्रेस तोच. खालची डाय बदलली की जॉब बदलतो."

डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, जॉब म्हणजे त्यातून निघणारा भाग. इतके नेमके भाष्य मी वर्गात कधी केले नव्हते. मी त्यांना असेही म्हणालो की, संस्कृतापर्यंत जायचीही गरज नाही. 'जेवून घे' यात कोणी काही घेत नाही, 'सांगून टाक' यात कोणी काही टाकत नाही, 'करून बघ' यात डोळ्यांचा संबंध नाही. आपल्या घरातली निरक्षर माउलीही न्याहारीपूर्वी ही किमया दहादा करते आणि तिला कोणी प्रमाणपत्र देत नाही. त्याच किमयेचा इंग्रजी अवतार विकत घ्यायला अख्खे चिंचवड रांगेत उभे आहे. कारण घरचे ते घरचे, आणि लंडनच्या पुलामागून आले ते ज्ञान.

इंग्रजी भाषेचा यात लेशमात्र अपराध नाही, हे नमूद केले पाहिजे. ती थोर भाषा आहे आणि तिच्या या जोडक्रियापदांत बोलीचा जिवंत रस आहे. अपराध त्यांचा, ज्यांनी भाषेचा गळपट्टा केला. गळ्यात असला की प्रतिष्ठा, मग खाली सदरा असो वा नसो.

डायची उपमा सापडल्यावर बबनरावांची गाडी रुळावर आली. पाढा सुटला, अर्थ लागू लागला. दिवाळीपूर्वी मनुष्यबळ विभागाने त्यांची तोंडी परीक्षा घेतली आणि ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. सुपरवायझरपण राहिले. प्रीतम सरांनी त्यांचे छायाचित्र फ्लेक्सवर, पुलाच्या कठड्यापाशी लावले.

दिवाळीनंतर आंग्ल प्रातःसभा सुरू झाली. तिचे वर्णन मला भीमराजने सांगितले. भीमराज त्याच लाईनवर प्रेस चालवतो. त्याचे वडील पिंपरीच्या एका जुन्या कारखान्यात कामगार होते, आणि थट्टा हा गुण त्याला वडिलोपार्जित आहे.

"गुरुजी, भाऊ बोलायला लागले की आम्ही सगळे एकदम सरळ," तो म्हणाला. "मध्ये मध्ये ते थांबतात. थांबले की आम्ही म्हणायचं, येस सर. ते दिग्विजय साहेबांनीच शिकवलंय. बुद्धविहारात वंदना झाल्यावर सगळे 'साधू, साधू' म्हणतो ना, तसं. फक्त तिथं आपल्याला अर्थ माहीत असतो."

"मग काम कसे कळते?"

"चहाला. दहा मिनिटांच्या चहात भाऊ परत सगळं आपल्या भाषेत सांगतात. मीटिंग दोन झाल्या. एक साहेबांची, एक कामाची."

बबनरावांनी असा मार्ग काढला होता. सभा नाममात्र, चहा खरा. मला तो फारसा आवडला नाही, पण कोणाची हानी होत नव्हती. गैरसोय इतकीच की, चहाची सुट्टी शिफ्ट सुरू झाल्यानंतर होते; तोवर माणसे अंदाजाने काम करत. रोजच्या कामात अंदाज चालून जातो.

ज्या दिवशी परकीय पाहुणे यायचे होते, त्या दिवशी अंदाज चालणार नव्हता. आदल्या पाळीत तीन नंबरच्या प्रेसचा डोळा बंद पडला होता. या यंत्राच्या तोंडाशी किरणांचा एक अदृश्य पडदा असतो. कामगाराचा हात आत असला की तो पडदा यंत्राला जागीच थांबवतो. कामगार त्यालाच डोळा म्हणतात. डोळा मिटलेला प्रेस म्हणजे आंधळा राक्षस. अशा यंत्राला लाल कुलूप ठोकून ठेवावे असा कारखान्याचाच नियम आहे, आणि तसे ते ठोकलेही होते. परंतु पाहुण्यांच्या नजरेला लाल कुलूप पडू नये, म्हणून सकाळी वरच्या सूचनेवरून ते काढण्यात आले. आता तीन नंबर इतर प्रेससारखाच निष्पाप दिसत होता, आणि तो चालवायचा नाही हे सांगण्याची जागा एकच उरली होती: सकाळची मीटिंग.

पाहुणे, दिग्विजयराव आणि त्यांचा लवाजमा अर्धवर्तुळाच्या मागे उभे राहिले. बबनराव पुढे झाले. भीमराज म्हणतो, त्या दिवशी भाऊ इंग्रजी पिक्चरमधल्यासारखे बोलले. "द सेन्सर ऑन प्रेस थ्री हॅज ब्रोकन डाउन. वी हॅव शट इट डाउन. प्लीज कीप अवे फ्रॉम इट." एकही चूक नाही. प्रीतम सर असते तर गहिवरले असते. बबनराव थांबले.

"येस सर," सगळे म्हणाले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्विजयरावांच्या मुखावर यज्ञ निर्विघ्न पार पडल्याचे तेज आले. माणसे पांगली आणि आपापल्या यंत्राकडे निघाली. त्यांत नांदेडहून नुकताच आलेला गणराज नावाचा कंत्राटी कामगार होता. सर्वांत मोठ्याने 'येस सर' तोच म्हणाला होता. तो चालत तीन नंबरपाशी गेला, पत्रा उचलला आणि वाकला.

चहाला अजून अवकाश होता.

"गणराज, थांब," बबनराव म्हणाले. ओरडले नाहीत, पण इतक्या वर्षांचा आवाज तो, साऱ्या लाईनने ऐकला. "हात माघारी घे. तीन नंबरला कुनी शिवायचं न्हाई. त्याचा डोळा बंद हाय." मग लगेच हिंदीत, बिहार-ओडिशाच्या माणसांसाठी, "तीन नंबर बंद है, उसकी आँख खराब है, कोई हाथ नहीं लगाएगा." आणि पाहुण्यांच्या देखत त्यांनी दुरुस्ती विभागातून लाल कुलूप मागवून स्वतःच्या हाताने ठोकले. गणराज पत्रा छातीशी धरून तसाच उभा होता.

एका पाहुण्याने विचारले, हे काय म्हणाले? दिग्विजयरावांनी क्षणार्धात भाषांतर केले की, ते आपल्या सहकाऱ्यांना प्रोत्साहन देत आहेत. पाहुण्याने पुन्हा टाळ्या वाजवल्या. भाषांतर ही कला आपल्याकडे किती उन्नत झाली आहे, याची इतकी खात्री मला पूर्वी कधी पटली नव्हती.

दुपारी बबनरावांना बोलावणे आले. तिथला संवाद त्यांनी मला जसा सांगितला तसा देतो.

"बबनराव, सगळं इतकं छान चाललं होतं," दिग्विजयराव म्हणाले.

"व्हय साहेब."

"इंग्रजीत सांगून झालं होतं ना तुमचं?"

"सांगून झालं व्हतं. कळायचं ऱ्हायलं व्हतं."

"ते नंतर समजावता आलं असतं. चहाला समजावताच की तुम्ही, मला माहीत नाही असं नाही."

"चहापतुर त्याचा हात ऱ्हायला नसता, साहेब."

दिग्विजयराव दुष्ट नव्हते. दुष्टपणालाही काही निष्ठा लागते. त्यांनी औदार्य दाखवले. झाले ते झाले; यापुढे पाहुण्यांसमोर मीटिंगच्या जागी दुसरी भाषा उच्चारायची नाही, एवढा शब्द बबनरावांनी द्यावा, पद अबाधित राहील. काय ते सोमवारपर्यंत कळवावे.

त्या रविवारी बबनराव माझ्याकडे बसले होते. इंदुताई चहा घेऊन आल्या. मला वाटले, ते सल्ला विचारतील. त्यांनी तो विचारला नाही.

"शब्द दिला, तर रोज सकाळी देवाला हात जोडून लाईनवर जावं लागंल," ते म्हणाले. "आज कुनी वाकू नको म्हनून. त्यापेक्षा नटबोल्ट मोजलेले बरे."

"आन जत्रंत?" इंदुताईंनी विचारले.

"मागच्या सतरंजीवर बसू. तिथनं तमाशा चांगला दिसतो."

इंदुताईंनी कप ठेवला आणि पदराने हात पुसले. "मग आता तरी पहाटे देवाचं नाव घ्या," एवढेच त्या म्हणाल्या.

सोमवारी बबनराव स्टोअरमध्ये गेले. त्यांच्या जागी एक नवा इंजिनिअर आला. त्याचे इंग्रजी निर्दोष आहे आणि मराठी इतके तुटपुंजे की चहाच्या वेळीही तो इंग्रजीतच बोलतो. सकाळची मीटिंग आता पूर्णपणे शुद्ध झाली. तो थांबतो, माणसे 'येस सर' म्हणतात.

मात्र पहिल्याच आठवड्यात स्टोअरच्या खिडकीपाशी गर्दी होऊ लागली. रात्रपाळीचे कामगार घरी जाताना तीन शब्द त्या खिडकीत टाकून जात: कोणता प्रेस रुसला, कोणती डाय झिजली, कुठे तेल सांडले. मीटिंग संपली की सकाळपाळीची माणसे हातमोजे मागायला तिथे येत. हातमोजे हे निमित्त. एकेकाच्या हाती जोडी ठेवता ठेवता बबनराव सांगत, "पाच नंबरला जपून, पत्रा फेकतोय," "आज तू पॅकिंगला जा, डोळं बघ तुझं." नव्या इंजिनिअरला ही रांग दिसते, त्याला वाटते, शिस्त आली.

हातमोज्यांचा खप वाढला तसा तो दिग्विजयरावांच्या नजरेस आला. ते स्वतः खिडकीशी आले आणि कारण विचारू लागले.

"मानसं जपून काम कराया लागली, साहेब," बबनराव म्हणाले.

दिग्विजयरावांना हे उत्तर अतिशय आवडले. पुढल्या खेपेस पाहुणे आले तेव्हा त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला: इंग्रजी मीटिंग सुरू झाल्यापासून हातमोज्यांचा वापर वाढला, अर्थात कामगारांत सुरक्षेची जाणीव रुजली. या यशाबद्दल नव्या इंजिनिअरचा सत्कार झाला. इतर कारखान्यांतही हा प्रयोग व्हावा असे ठरले, आणि टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

भीमराज तेव्हा स्टोअरच्या खिडकीपाशी उभा होता. त्याने बबनरावांना विचारले, "भाऊ, तुमच्या नावानं टाळ्या वाजतायत, जायचं का आत?" बबनराव एका नव्या पोराला हातमोजा कोणत्या हाताचा आधी चढवावा ते दाखवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तू जा लाईनवर," ते म्हणाले, "दोन नंबरचा बेल्ट आज ढिला हाय."